बसच्या पाटीमागचं लिनक्स : प्रवासी माहिती यंत्रणा कशी बांधावी

समोर, बाजूला, मागे आणि आत अशा चार पाट्या, छतात दोन-चार स्पीकर, चालकासमोर एक छोटा पडदा आणि त्याच्या डोक्यावरच्या कप्प्यात एक पेटी. शहर बसमधली प्रवासी माहिती यंत्रणा बाहेरून एवढीच दिसते. पेटीत आजकाल बहुधा एआरएम चिप आणि लिनक्स असतं. त्या पेटीतलं सॉफ्टवेअर शून्यापासून कसं उभं करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. उदाहरणाला पुण्यातली शहर बस घेतली आहे. तुम्हाला लिनक्सची कमांड लाइन आणि सी, सी++ किंवा रस्ट यांपैकी एखादी भाषा येते, असं धरून चाललो आहे.

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक नियम भिंतीवर लावा: चुकीची पाटी कोऱ्या पाटीपेक्षा वाईट. पाटी कोरी असली की प्रवासी वाहकाला विचारतो. ‘कात्रज’ लिहिलेली गाडी निगडीला निघाली असेल तर तो विचारत नाही, सरळ चढतो. म्हणून पेटीतल्या प्रत्येक माहितीला वय हवं. स्थान असो, वेग असो, फेरी असो की घड्याळ, वय उलटून गेलेली माहिती कुणी न सांगता पडद्यावरून उतरली पाहिजे. पुढचे बरेचसे निर्णय याच नियमातून निघतात.

१. आधी कागद

निविदा हातात आली की पहिल्यांदा तारांची यादी करा. पेटीला काय काय जोडलं जाणार, कुठल्या प्रोटोकॉलने, आणि त्याचा कागद कुणाकडे आहे? भारतात शहर बससाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २०१३ मध्ये अर्बन बस स्पेसिफिकेशन्स-२ काढली. पाट्या आणि मध्यवर्ती नियंत्रक यांच्या बऱ्याच अपेक्षा तिथून निविदांत उतरतात. त्याशिवाय एआयएस-१४० हे वाहनांचं मानक आहे. त्यानुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण लागतं. हे यंत्र आणि तुमची पेटी एक करण्याचा मोह होईल. माझं मत विचाराल तर वेगळीच ठेवा. एकाला प्रमाणपत्र लागतं आणि दुसऱ्यात दर महिन्याला बदल होतात. एकाच बिल्डमध्ये दोघांना कोंबलं की पाटीवरचा फॉन्ट बदलतानाही प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो.

युरोपसाठी काम करत असाल तर तीन नावं माहीत हवीत. व्हीडीव्ही ३०० ही जर्मनीची जुनी आयबीआयएस वायर: १२०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. वेग ऐकून हसू येईल, पण ती अजून भरपूर गाड्यांत जिवंत आहे. तिची इथरनेटवरची पुढची पिढी व्हीडीव्ही ३०१. आणि यंत्रांनी एकमेकांना गाडीतल्या नेटवर्कवर कसं शोधावं, सेवा कशा द्याव्यात, हे ठरवणारं आयटीएक्सपीटी. आपल्याकडे पाट्या बहुधा आरएस-४८५ या सीरियल तारेवर आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने बोलतात. तो प्रोटोकॉल लेखी देण्याची अट खरेदीच्या करारातच घाला. पैसे चुकते झाल्यावर कागद मागितला तर ‘इंजिनिअर रजेवर आहेत’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

त्याच करारात आणखी एक ओळ हवी: पेटीकडून ठरावीक वेळेत, समजा ६० सेकंदांत, काही निरोप आला नाही तर पाटीने स्वतःहून कोरं व्हावं. अनेक पाट्या शेवटचा मजकूर स्वतःच्या मेमरीत धरून बसतात. पेटी बंद पडली तरी त्या सकाळचाच मुक्काम दिवसभर दाखवत फिरतात, आणि हे तुमच्या लिनक्समधून दुरुस्त करता येत नाही.

२. पेटी आणि वीज

बसची वीज २४ व्होल्टची म्हणतात, पण ती शांत नसते. स्टार्टर फिरला की व्होल्टेज खाली बसतं, आणि चालू गाडीत बॅटरीची जोडणी तुटली की अल्टरनेटर उसळतो. आयएसओ ७६३७-२ आणि आयएसओ १६७५०-२ या मानकांच्या चाचण्या पार केलेला वीजपुरवठा घ्या. चिप औद्योगिक तापमानाची, म्हणजे उणे ४० ते अधिक ८५ अंशांची, हवी. पुढच्या काचेमागे, पत्र्याच्या बंद कप्प्यात, विदर्भातल्या मे महिन्यात गाडी दुपारभर आगारात उभी असते, तेव्हा आतलं तापमान हवामान खात्याच्या आकड्याच्या पुष्कळ वर जातं. एनएक्सपीची आय.एमएक्स ८एम मालिका किंवा टीआयची एएम६२ या कामाला योग्य. रास्पबेरी पाय आणि एसडी कार्ड साहेबांना डेमो दाखवण्यापुरतं ठीक.

पेटीला कायम वीज आणि इग्निशनची वेगळी तार, अशा दोन्ही द्या. इग्निशन बंद झालं की सॉफ्टवेअरला जीपीआयओवर, म्हणजे चिपच्या साध्या पिनवर, कळतं, ते आवरतं घेतं आणि मग स्वतःची वीज तोडतं. हा झाला कागदावरचा क्रम. प्रत्यक्षात आगारात रात्री बॅटरीचा मुख्य खटका पाडला जातो आणि पेटी मध्येच मरते. सुपरकपॅसिटर बसवला तर काही सेकंद मिळतात, पण भरवसा त्याच्यावरही नको. वीज कुठल्याही क्षणी जाईल असं धरूनच फाइल सिस्टीम रचायची.

चिप ६४ बिटची घ्या, आणि कारण वेगाचं नाही. बस दहा-बारा वर्षं धावते, म्हणजे आज बसवलेली पेटी १९ जानेवारी २०३८ च्या अगदी जवळ पोहोचते. त्या दिवशी ३२ बिटचं युनिक्स घड्याळ संपतं. ३२ बिटच घ्यावी लागली तर लिनक्स ५.६ किंवा पुढचं कर्नल, जीलिबसी ही सीची मूळ लायब्ररी २.३४ किंवा पुढची, आणि सगळा कोड ६४ बिटच्या वेळेने बांधलेला, हे तिन्ही लागेल. एखाद्या पुरवठादाराने दिलेली जुनी बायनरी लायब्ररी मध्येच निघाली की सगळी मेहनत वाया.

३. इमेज बांधणं

पेटीत उतरवायची लिनक्सची पूर्ण प्रत म्हणजे इमेज. ती बांधायला बिल्डरूट की योक्टो? एकच हार्डवेअर आणि दोघांचीच टीम असेल तर बिल्डरूट. ते आठवड्याभरात अंगवळणी पडतं. तीन प्रकारच्या पेट्या, दोन ग्राहक आणि दहा वर्षांची देखभाल असेल तर योक्टो. त्याचा चढ उभा आहे, पण लेयर, म्हणजे बिल्डच्या सूचनांचे गट्ठे, वेगळे ठेवण्याची शिस्त पुढे कामी येते. दीर्घ मुदतीची आवृत्ती धरा. एप्रिल २०२४ ची स्कार्थगॅप, म्हणजे ५.०, चार वर्षं सांभाळली जाणार आहे.

चार लेयर पुरतात: चिप बनवणाऱ्याचा, तुमच्या बोर्डाचा, तुमच्या वितरणाचा आणि प्रवासी माहितीच्या ॲप्लिकेशनचा. चिप बनवणाऱ्याच्या लेयरमधल्या फाइलला हात लावू नका; काय बदलायचं ते ॲपेंड फाइलने आपल्या लेयरमधून बदला. सगळ्या लेयरचे गिट हॅश कास नावाच्या साधनाच्या एकाच यामल फाइलमध्ये बांधून टाका, म्हणजे तीन वर्षांनीही तीच इमेज तशीच बांधता येईल. डाउनलोड झालेला सोर्स स्वतःच्या सर्व्हरवर साठवा. कुठल्याशा प्रकल्पाचं संकेतस्थळ बंद पडलं म्हणून पुण्यातल्या बसचं बिल्ड अडू नये.

परवाने पहिल्याच दिवशी पाहा. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, लावून पेटी कुलूपबंद करणार असाल, तर जीपीएल ३ आणि एलजीपीएल ३ खालच्या घटकांशी खटका उडतो, कारण ते वापरणाऱ्याला बदललेलं सॉफ्टवेअर बसवण्याचा हक्क देतात. पडदे रंगवणाऱ्या क्यूटी लायब्ररीचे पुष्कळसे भाग याच परवान्याखाली येतात. नको असलेले परवाने बिल्डमध्येच अडवण्याची सोय योक्टोत आहे. त्याच वेळी एसपीडीएक्स स्वरूपात घटकांची यादी निघते, तीही चालू करा. माल युरोपात विकणार असाल तर सायबर रेझिलियन्स ॲक्टची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात आणि ही यादी मागितली जाईल. वाहनाच्या प्रकार-मंजुरीत येणाऱ्या भागांचे नियम निराळे आहेत. तुमची पेटी कुठल्या खणात पडते ते आधी ठरवून घ्या.

४. डिस्कची वाटणी आणि अपडेट

मूळ फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती, स्क्वॉशएफएस किंवा ईआरओएफएस. तिच्या दोन प्रती, अ आणि ब. तिसरं डेटाचं पार्टिशन, ज्यावर लिहिता येतं. ईएमएमसी या साठवणुकीच्या चिपमध्ये स्यूडो-एसएलसी नावाची सोय असते: जागा घटते, पण लिहिण्याचं आयुष्य वाढतं. हा बदल एकदाच करता येतो, मागे फिरता येत नाही, म्हणून तो कारखान्यातच उरकायचा. जर्नलडीचे लॉग रॅममध्ये ठेवा. चिप लवकर मारायची असेल तर दर सेकंदाची ठिकाणाची ओळ डिस्कवर लिहीत बसणं हा खात्रीचा उपाय आहे.

डेटा पार्टिशनवरची कुठलीही फाइल बदलताना क्रम ठरलेला: नव्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे डिस्कवर खरोखर उतरवा), नाव बदला, मग डिरेक्टरीलाही एफसिंक. पहिला एफसिंक गाळला आणि खटका पडला की सकाळी शून्य बाइटची कॉन्फिगरेशन फाइल हातात येऊ शकते; शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, तेव्हा जुनीच फाइल परत येऊ शकते.

अपडेटसाठी रॉक वापरा, किंवा एसडब्ल्यूअपडेट. दोन्ही मुरलेली साधनं आहेत. रॉकच्या बंडलवर एक्स.५०९ सही असते. नवी इमेज रिकाम्या भागात उतरते, पेटी बूट करणारं यू-बूट ती ठरावीक वेळा सुरू करून पाहतं आणि ‘ठीक आहे’ असा शिक्का मिळाला नाही तर जुन्या भागावर परततं. हा शिक्का कधी मारायचा हे मात्र तुम्ही ठरवायचं असतं, आणि गडबड इथेच होते. सेवा चालू आहेत, पाट्या उत्तर देतात, सर्व्हरशी एकदा बोलणं झालं, एवढं पुरे. उपग्रहाचा सिग्नल मिळाला पाहिजे अशी अट घालू नका. गाडी रात्री पत्र्याच्या शेडखाली असते, तिथे सिग्नल मिळत नाही, आणि चांगलं अपडेट रोज रात्री मागे फिरत राहतं.

५. सेवा आणि राखणदार

ॲप्लिकेशनचे वेगवेगळे प्रोसेस करा: स्थान, गाडीचे संकेत, फेरी, पाट्या, आवाज, सर्व्हरशी संपर्क. आपापसात बोलायला डी-बस किंवा पेटीतलाच मॉस्किटो ब्रोकर, म्हणजे एमक्यूटीटी प्रोटोकॉलने निरोप पोहोचवणारा मध्यस्थ, चालतो. एमक्यूटीटी घेतलंत तर रिटेन केलेल्या, म्हणजे ब्रोकरने साठवून ठेवलेल्या, निरोपांपासून जपा. स्थानाचा प्रोसेस मेला तरी ब्रोकर त्याचा शेवटचा निरोप नव्या श्रोत्याला ताजा असल्याच्या थाटात देतो. म्हणून प्रत्येक निरोपात चार गोष्टी हव्यातच: मूल्य, ते कुठून आलं, मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणाऱ्या, घड्याळाची वेळ आणि किती सेकंद ग्राह्य. जोडीला बूटची ओळख, म्हणजे पेटी पुन्हा सुरू होण्याआधीचा निरोप ओळखू येतो. वाचणाऱ्याने वय तपासल्याशिवाय मूल्य हाती लागूच नये, असा लायब्ररीचा इंटरफेस ठेवा. नुसत्या सूचनेवर विसंबू नका.

प्रत्येक सेवेला सिस्टमडीचा वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळेत निरोप आला नाही तर सेवा पुन्हा सुरू करणारा राखणदार, लावा आणि सिस्टमडीवर चिपचा हार्डवेअर वॉचडॉग. जिवंत असल्याचा निरोप मुख्य लूपमधूनच जायला हवा. त्यासाठी वेगळा थ्रेड काढला तर काम अडकलेलं असतानाही तो थ्रेड खुशाल ‘मी बरा आहे’ म्हणत राहतो. आतल्या टीएफटी पडद्याचं दुखणं वेगळं: तो गोठला तरी चांगला दिसतो. पडद्यावरच्या घड्याळातला विसर्ग-चिन्हासारखा ठिपक्यांचा जोड दर सेकंदाला लुकलुकता ठेवा, आणि तो काढणाऱ्या कोडनेच नवी फ्रेम खरोखर पडद्यावर गेली का ते तपासून वॉचडॉगला कळवू दे.

गाडीचा वेग आणि दारांची स्थिती कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक तारेवरून, येतात. एफएमएस गेटवे (ही माहिती बाहेर देणारं यंत्र) असेल तर जे१९३९ प्रोटोकॉल, २५० किलोबिटचा वेग. लिनक्समध्ये सॉकेटकॅन आहेच. इंटरफेस ऐकण्यापुरत्या मोडमध्ये चालू करा, आणि जमलं तर ट्रान्सीव्हरची पाठवण्याची पिन बोर्डावरच तोडून ठेवा. पाटी चालवणाऱ्या पेटीला ब्रेकच्या वायरवर बोलायचं काही कारण नाही. चाकाचा वेग ६५२६५ क्रमांकाच्या गटात, दोन बाइटमध्ये, दर बिटला १/२५६ किमी प्रतितास असा येतो. दोन्ही बाइट पूर्ण एकांनी भरलेले असतील तर त्याचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’. हे न तपासणारा कोड बस ताशी २५५.९९ किमी वेगाने पळते आहे असं मानतो आणि पुढचे सहा थांबे एका दमात पुकारून मोकळा होतो.

६. घड्याळ

पेटीत बॅटरीवरचं आरटीसी, म्हणजे वीज नसतानाही चालणारं घड्याळ, हवं. वेळ क्रोनी या साधनाने सांभाळा. स्रोत दोन, रिसीव्हर वाचणाऱ्या जीपीएसडीकडून उपग्रहाची वेळ आणि नेटवर्क असेल तेव्हा एनटीपी, म्हणजे सर्व्हरकडून आलेली वेळ. उपग्रहाच्या वेळेवर डोळे मिटून विश्वास नको. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे १० बिटांत मोजतो, त्यामुळे १०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ ला ती आली तेव्हा बरेच जुने रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षं मागे गेले. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. उपाय सोपा आहे: इमेज बांधल्याच्या तारखेच्या आधीची कुठलीही वेळ नाकारायची. शिवाय जीपीएसची वेळ आणि यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ यांच्यात २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. तो सांगणारा संदेश पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागू शकतात, तोवर काही रिसीव्हर थोडी चुकीची वेळ देतात.

कोडमध्ये ‘किती वेळ झाला’ हे मोजायला नेहमी मोनोटॉनिक घड्याळ घ्या. भिंतीवरची वेळ वेळापत्रकाशी जुळवण्यापुरती आणि पडद्यावर दाखवण्यापुरती.

७. पुढचा थांबा ओळखणं

यंत्रणेचा जीव इथे आहे. नवशिक्या पद्धतीत प्रत्येक थांब्याभोवती वर्तुळ काढतात आणि त्यात शिरलं की पुकारतात. ही पद्धत वारज्याला महामार्ग आणि सेवा रस्ता शेजारी शेजारी धावतात तिथे फसते, स्वारगेटच्या उड्डाणपुलावर फसते, आणि एकाच चौकातून दोनदा जाणाऱ्या फेरीत तर हमखास फसते.

त्याऐवजी मार्गाची रेषा घ्या आणि गाडी ‘सुरुवातीपासून किती मीटरवर’ आहे हा एकच आकडा सांभाळा. थांब्यांचेही त्याच रेषेवरचे मीटर आधीच काढून ठेवा. नवं स्थान आलं की ते रेषेवर टाका, पण आख्ख्या रेषेवर शोधू नका. मागच्या जागेपासून ५० मीटर मागे ते ४०० मीटर पुढे, एवढ्याच खिडकीत शोधा. त्यामुळे दुसऱ्यांदा लागणारा चौक पहिल्याशी गल्लत करत नाही. दोन स्थानांच्या मधला आणि सिग्नल नसतानाचा प्रवास चाकाच्या वेगाने भरा. त्या काळात शंका दर सेकंदाला वाढवत न्या. उपग्रहाचं ठिकाण आणि चाकाचं अंतर यांत फारकत पडली तर थोड्या वेळापुरतं चाकावर विश्वास ठेवणं बरं, कारण उंच इमारतींमध्ये परावर्तनाने ठिकाण उडी मारतं, चाक मारत नाही.

स्थिती तीनच ठेवा: निश्चित, अंदाज, अज्ञात. गाडी रेषेपासून ६० मीटरहून दूर ३० सेकंद राहिली की अज्ञात. आकडे सुरुवातीचे आहेत, ते शहरागणिक बदला. अज्ञात म्हणजे पुढच्या थांब्याची ओळ उतरते, मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा राहतो, आवाज गप्प. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता बंद असतो, पालख्या शहरात असताना आणखी रस्ते वळवले जातात. तेव्हा गाडी भलत्या रस्त्याने जात असताना यंत्रणेने जुनेच थांबे पुकारत राहू नये. परत रेषेवर आल्यावर लगेच निश्चित म्हणू नका. दिशा जुळते आहे आणि सलग काहीशे मीटर जुळते आहे, एवढं झालं की मग. या वेळी शोधाची खिडकी पुढच्या बाजूला मोठी करावी लागते, कारण मधले थांबे गळलेले असतात.

पुकारायचं कधी? बरेच जण १०० मीटर असं ठरवून टाकतात. अंतर नको, वेळ धरा. मराठी, हिंदी, इंग्रजी मिळून पुकारायला १२ सेकंद लागत असतील, तर ताशी २० किमी वेगात तेवढ्या वेळात गाडी ६७ मीटर जाते, ताशी ५० किमी वेगात १६७ मीटर. प्रवाशाला उठून दारापाशी यायला वेळ द्यायचा तो वेगळा. उरलेलं अंतर भागिले सध्याचा वेग, यातून क्षण काढा, आणि रांगेत अडकलेल्या गाडीसाठी एक किमान अंतरही ठेवा. एकच थांबा एका फेरीत एकदाच पुकारला जाईल, याची नोंद फेरीच्या ओळखीशी बांधा. दार उघडल्याचा संकेत उत्तम पुरावा आहे, पण एकट्यावर निर्णय नको; सिग्नलला उभ्या गाडीचं दार उघडणं आपल्याकडे नवीन नाही. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेच्या, मधल्या थांब्यांवर उजवीकडचं दार उघडतं, तेव्हा कुठल्या बाजूने उतरायचं तेही पुकारा. दृष्टिहीन प्रवाशाला ही माहिती दुसरीकडून मिळत नाही.

आणि फेरी? ती चालक किंवा वाहक ड्युटी निवडून सांगतो. शेवटची निवड आपोआप पुढे चालू ठेवण्याची ‘सोय’ करू नका. इग्निशन अर्ध्या तासाहून जास्त बंद राहिलं की निवड रद्द, पाटीवर ‘सेवेत नाही’. कालचा मुक्काम आज दाखवण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच सोय असते.

८. पाटीवरची देवनागरी

युरोपातून आलेल्या यंत्रणा इथे तोंडावर पडतात. देवनागरीत अक्षरं एकामागे एक ठेवून शब्द होत नाही. वेलांटी मागून येऊन पुढे बसते, जोडाक्षरं आकार बदलतात. आकार हार्फबझने घडवायचे आणि फ्रीटाइपने रंगवायचे, या जोडीला पर्याय शोधू नका. हार्फबझला भाषा मराठी आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. न सांगितलं तर हिंदी वळणाचे. नोटो सान्स देवनागरी आणि ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. दोन्हीत आपली नावं काढून पाहा.

तपासायला पुण्यातलीच नावं पुरतात. ‘नऱ्हे’ आणि ‘गोऱ्हे’ यांत अर्धा र लागतो: ऱ, मग हलंत, मग ह. काही याद्यांत तोच आकार र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक अशा क्रमाने टाइप केलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला आणि आवाजाच्या फाइलशी जोडायला वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे मजकूर युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणणं, नुक्ता लावून केलेला ऱ एकत्र करतं, पण हा दुसरा क्रम ते बदलत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. ‘कर्वे’ मध्ये रफार आणि मात्रा एकाच जागी येतात, ‘कोंढवा’ मध्ये मात्रा आणि अनुस्वार, ‘मुंढवा’ ला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, ‘पद्मावती’ मध्ये जोडाक्षर. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो.

एलईडी पाटी १६ ओळींची असेल तर खरी कसरत. वरच्या मात्रा, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचे उकार यांना मिळून १६ ठिपके. आउटलाइन फॉन्ट थेट त्या आकाराला आणला की अक्षराची काजळी होते. माझा सल्ला: पाटीवरचा मजकूर गाडीत रंगवूच नका. कार्यालयातल्या सर्व्हरवर हार्फबझने चित्र काढा, माणसाकडून ठिपके तपासून आणि दुरुस्त करून घ्या, आणि तयार चित्रंच गाडीला पाठवा. शहरात मुक्कामाची नावं काहीशेच असतात, ती एकदाच तपासायची आहेत. नव्या निविदेत पुढच्या पाटीला निदान २४ ओळी मागा. आतल्या टीएफटी पडद्याला ही अडचण नाही. तिथे पँगो किंवा क्यूटी आपलं काम करतात.

सरकता मजकूर पुढच्या पाटीवर नको. थांब्यावरच्या माणसाला गाडी दिसते ती चार-पाच सेकंद; तेवढ्यात ‘…वडी’ एवढंच हाती लागतं. मार्ग क्रमांक कायम ठेवा आणि शेजारचा मुक्काम मराठी-इंग्रजी आलटून पालटून दाखवा. मुंबईत बेस्टच्या पुढच्या पाटीवर देवनागरी आकडे वाचायची सवय प्रवाशांना आहे. तशी सवय असलेल्या शहरात आकडेही देवनागरीत द्या, पण १ आणि ९ दुरून सारखे दिसत नाहीत ना, ते तीस मीटरवर उभं राहून पाहा.

एक खबरदारी. एलईडीचं स्कॅनिंग, म्हणजे ओळी झपाट्याने पेटवणं-विझवणं, लिनक्सवर घेऊ नका. पाटीतल्या मायक्रोकंट्रोलरला ते करू द्या. आपण चित्र, चेकसम आणि हृदयाचा ठोका पाठवायचा.

९. आवाज

मराठीत नावाला विभक्ती लागली की रूप बदलतं, म्हणून वाक्यं अशी रचा की नाव जसंच्या तसं राहील: ‘पुढील थांबा, नऱ्हे’. मग तुकडे जोडून पुकारता येतं. आवाज एकाच निवेदकाचा, एकाच दिवशी रेकॉर्ड केलेला. नवे थांबे येतच राहतात, तेव्हा त्याच निवेदकाला पुन्हा बोलावण्याची सोय करारात असू द्या. कृत्रिम आवाज आणीबाणीच्या सूचनांपुरता ठेवलेला बरा. ईस्पीक-एनजीला मराठी येतं, पण ऐकवत नाही. सगळ्या फाइल ईबीयू आर१२८ या मानकाने एका पातळीवर आणा, ओपस स्वरूपात साठवा, लिनक्सच्या अल्साने वाजवा. आवाजाची पातळी वेगाप्रमाणे वर-खाली करा आणि रात्री दहानंतर बाहेरचा स्पीकर हळू. तसं केलं नाही तर चालक स्पीकरची तार काढून टाकेल, आणि त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

१०. वेळापत्रकाचा डेटा

सर्व्हरकडे वेळापत्रक जीटीएफएस स्वरूपात असेल असं धरा. पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेच्या आणि गूगलच्या कामातून निघालेलं हे स्वरूप आता सगळीकडे चालतं. दिल्लीने २०१८ मध्ये आपला डेटा याच स्वरूपात खुला केला. गाडीत त्याच्या सीएसव्ही फाइल वाचत बसू नका. सर्व्हरवर त्या गाडीच्या आगारापुरता एसक्यूलाइट डेटाबेस बनवा, सही करा, पाठवा. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची गाडी २५:१० अशी लिहितात, कारण ती आदल्या सेवा-दिवसाची असते. वेळेची तयार लायब्ररी हा आकडा नाकारते किंवा ०१:१० करून दिवस चुकवते. सेकंदांचा पूर्णांक ठेवा. नवा डेटाबेस मध्यरात्री चालू करू नका; शेवटची गाडी आगारात शिरल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, फेरी चालू नसेल तेव्हाच. दोन आवृत्त्या जवळ ठेवा.

सर्व्हरशी बोलणं वायरगार्डच्या कूटबद्ध बोगद्यातून, एमक्यूटीटीने. मोबाइल नेटवर्क जाणार हे गृहीत धरून रांग डिस्कवर ठेवा, पण ठिकाणाचे जुने निरोप नेटवर्क आल्यावर ओतू नका. सर्व्हरला ताजं ठिकाण आधी हवं असतं, इतिहास नंतर. थांब्यावरच्या फलकांनाही वयाचा नियम लागू: अंदाज दीड मिनिटाहून जुना असेल तर ‘३ मि.’ काढून वेळापत्रकातली वेळ दाखवा, आणि ती वेगळ्या रूपात दाखवा.

११. चाचणी आणि पहिल्या गाड्या

एक गाडी रेकॉर्डिंगला लावा. कॅनडंपने कॅन, शिवाय रिसीव्हरची कच्ची एनएमईए ओळ, दारं, इग्निशन, सगळं एकाच घड्याळाने. पुढे हेच टेबलावर वाजवायचं: कॅनसाठी व्हीकॅनचा आभासी इंटरफेस, स्थानासाठी जीपीएसडीबरोबर येणारं जीपीएसफेक. प्रत्येक बदलानंतर याच फेऱ्या पुन्हा धावतात आणि कुठला थांबा कधी पुकारला याची यादी आधीच्या यादीशी ताडली जाते. रेकॉर्डिंग मुद्दाम वाईट दिवसांचंही घ्या: मुसळधार पाऊस, वळवलेला मार्ग, मध्येच बंद पडलेली गाडी.

वीज तोडण्याची चाचणी रिलेने करा. पेटी सुरू होताना, अपडेट उतरताना, डेटाबेस बदलताना, अशा कुठल्याही क्षणी वीज जाते आणि प्रत्येक वेळी पेटी वर येऊन बरोबर पाटी दाखवते का ते बघायचं. ही चाचणी आठवडाभर अखंड चालू द्या. यंत्र माणसाचा वेळ खात नाही, आणि फाइल सिस्टीमचे दोष हजाराव्या खेपेलाच सापडतात.

मग एका आगारातल्या मोजक्या गाड्या, त्यातही रोज एकाच मार्गावर जाणाऱ्या. अपडेट आधी त्यांना, चार दिवस थांबून बाकीच्यांना. कार्यालयातल्या फलकावर सर्वांत वर हा आकडा ठेवा: गाड्या धावत असतानाच्या एकूण वेळापैकी किती वेळ स्थिती ‘अज्ञात’ होती. तो एखाद्या मार्गावर अचानक वाढला तर रस्ता बदलला आहे किंवा रेषा चुकली आहे. तो सगळीकडे शून्य दिसला तर खूश होण्याआधी कोड तपासा, बहुधा वय मोजणंच बंद पडलेलं असतं. आणि आगारातल्या तक्रार वहीत ‘पाटी चुकली’ एवढंच लिहिलेलं येणार, हे धरून चालकाच्या पडद्यावर एक बटण द्या. ते दाबलं की मागच्या दहा मिनिटांची स्थानं, कॅनचे संकेत, पाटीवर गेलेली चित्रं आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी माहितीचं वय किती होतं, एवढं एका फाइलमध्ये बांधून डेटा पार्टिशनवर लिहायचं आणि गाडी आगाराच्या वायफायमध्ये शिरली की वर पाठवायचं.